पैसा कुठी गेला, तेवढं सांगा

दुर्गेभाऊ आधी ऐकायचे आणि मग पाहायचे. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मी स्टोअरच्या खिडकीत बसत असे. टर्बाइन विभागाचे फोरमन पत्रूजी दुर्गे एखादं बेअरिंग न्यायला आले, की ते कानाशी धरून बोटाने फिरवायचे. डोळे मिटलेले, मागे रांगेत चार माणसं खोळंबलेली. अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून म्हणायचे, "हे नोको गेडामबाई, याच्या पोटात दुखते."

मला राग यायचा. नवं कोरं, तेलकट कागदात गुंडाळलेलं बेअरिंग, त्याच्या पोटात काय दुखणार? पण दुसरं काढून दिल्याशिवाय हा माणूस खिडकी सोडत नसे. एकदा मीही हट्टाला पेटले आणि दिलं नाही. आठ दिवसांनी त्याच बेअरिंगचे तुकडे चिंधीत बांधून त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. बोलले असते तर मी भांडले तरी असते. तेव्हापासून मात्र मी मुकाट्याने दोन-दोन खोकी काढून ठेवू लागले.

ते गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातले. बेताची उंची, पांढरे झालेले दाट केस, खिशाला पेन्सिल. बायको लग्नानंतर तीन-चार वर्षांतच गेली. मूल नाही. पुन्हा लग्न का केलं नाही, असं मी एकदा भोचकपणे विचारलं, तर म्हणाले, "राहून गेलं." एखादं पत्र टाकायचं राहून जावं, तसं. त्यांच्या क्वार्टरमध्ये दोनच खुर्च्या होत्या. एकीवर ते बसत आणि दुसरी करीमभाईंची होती.

करीमभाई त्यांच्याच टोळीतले फिटर. पंचवीसेक वर्षं दोघांनी एकाच पेटीतली हत्यारं वापरली. दोघांचंही बोलणं कमी. करीमभाईंनी नुसता हात पुढे केला, की त्यात हवा तो पाना पडायचा. दुपारी करीमभाईंच्या सायकलला दोन डबे लटकलेले असत, कारण नसीमबाई, करीमभाईंच्या घरच्या, दुर्गेभाऊंचाही डबा पाठवत. त्यांच्या डब्यात तिखट कमी, कारण त्यांना तिखटाने उचकी लागे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण एकदा डबे बदलले आणि दुर्गेभाऊ चार वाजेपर्यंत उचक्या देत टर्बाइनभोवती फिरत होते. ऑपरेटर म्हणत होते की मशीनमधून एक नवाच ठोका ऐकू येतोय.

आता त्यांच्या एका श्रद्धेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. आमच्या एका युनिटची मोठी दुरुस्ती होती, तेव्हा मशीन बनवणाऱ्या परदेशी कंपनीचा एक गोरा इंजिनिअर आला होता. चंद्रपूरचा मे महिना. आमचे साहेब एसीत बसून कागदावर सह्या करत होते आणि हा लालबुंद झालेला माणूस मशीनच्या पोटात आडवा होऊन एकेक बोल्ट स्वतःच्या हाताने तपासत होता. शेकडो बोल्ट. त्यातला एक त्याला पसंत पडला नाही, म्हणून त्याने दोन दिवसांचं काम पुन्हा उघडायला लावलं. सगळी टोळी त्याला शिव्या घालत होती. एकटे दुर्गेभाऊ खूश. सबंध आयुष्यात त्यांना स्वतःसारखा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. जाताना त्याने दुर्गेभाऊंचा काळा हात हातात घेऊन हलवला. नंतर वर्षानुवर्षं कोणी निष्काळजीपणा केला, की दुर्गेभाऊ म्हणत, "त्या गोऱ्यानं पाह्य बरं, हात लावल्याबिगर सही नाई केली. थे लोक पाह्यल्याशिवाय घेतच नाईत."

शेअरचा नाद त्यांना उशिरा लागला. चंद्रपुरात एका दलालाचं ऑफिस निघालं होतं. एक पंखा, एक टीव्ही आणि टीव्हीखाली सरकत जाणारे आकडे पाहत बसलेली पाच-सहा रिटायर माणसं. दुर्गेभाऊ सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसत. घेत अगदी थोडे, तेही महिनाभर विचार करून. "हा जुगार आहे भाऊ," मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "पैशासाठी नाई करून राह्यलो बाई. भाव रोज बदलते. सकाळी उठून पाह्यले काहीतरी पायजे ना." माझ्या घरी तीन पोरं, सासू आणि दोन शेळ्या होत्या. सकाळी उठून पाहायला मला इतकं होतं की डोळे झाकून घ्यावेसे वाटत.

मग करीमभाई गेले. एका सकाळी चहा पिता पिता मान टाकली. माणूस गेला की कंपनीचं क्वार्टर काही महिन्यांत सोडावं लागतं. नसीमबाईंचं माहेर चामोर्शीचं. तिथे भावाच्या घराशेजारी तिच्या नावची थोडी जागा होती. फंडाचे पैसे मिळाले की त्यावर दोन खोल्या बांधायच्या, एका खोलीत शिलाई मशीन टाकायची, असं तिने ठरवलं होतं. दोन खोल्या आणि स्वतःचं दार, एवढंच तिचं मागणं. पावसाळा संपेपर्यंत बांधकाम सुरू होणार नव्हतं. तोवर पैसे कुठे ठेवू, असं तिने दुर्गेभाऊंना विचारलं. दुसरं कोणाला विचारणार?

दुर्गेभाऊ पंधरा दिवस काही बोलले नाहीत. बँकेतच ठेवा, असं ते सांगणार होते, हे मला नक्की ठाऊक आहे. पण त्याच सुमारास एका कंपनीची बातमी पेपरात आली. कंपनीचं नाव भारदस्त होतं. इथे लिहून त्याला मोठेपणा देत नाही. या कंपनीने आपले शेअर परदेशातल्या बाजारात विकायला काढले आणि परदेशी गुंतवणूकदारांनी ते सगळेच्या सगळे उचलले, अशी ती बातमी. दुर्गेभाऊ कात्रण घेऊन खिडकीशी आले. त्या दिवशी त्यांना स्टोअरमधून काहीच नको होतं.

"विदेशी लोकाइनं पूर्ण माल उचलला गेडामबाई. एकबी नाई ठेवला."

"पण ते कोण, कुठले, तुम्हाला काय माहीत?"

"कोनीबी असो. हात लावल्याबिगर थे घेत नाईत. मी पाह्यलं हाये ना त्याइले."

एक गोरा पाहिला होता त्यांनी. एकच. आणि खरं सांगते, त्या वेळी मलाही ते पटलं. माझ्याकडे पैसे असते तर मीही दिले असते.

त्यांनी स्वतःचे घातले आणि नसीमबाईचेही घातले. दोन-तीन महिने भाव चढला. दुर्गेभाऊंच्या चालण्यात फरक पडला, टोळीतल्या चार-पाच जणांनी त्यांचं पाहून थोडे थोडे शेअर घेतले. आणि मग भाव रोज पडू लागला. विकायला काढावं तर घेणारा कोणी नाही. दलाल म्हणे, थांबा, येईल वर. शेवटी त्या कंपनीचा व्यवहारच बंद झाला. पावसाळा संपला तेव्हा नसीमबाईच्या हातात विटांचा एक ट्रकही येणार नाही एवढे पैसे उरले होते.

क्वार्टर रिकामं करायच्या दिवशी मी तिला भांडी बांधायला गेले होते. दुर्गेभाऊ आले. हातात पिशवी होती, त्यात त्यांनी स्वतःच्या फंडातून काढलेले पैसे. पिशवी त्यांनी पितळी हंड्यावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नसीमबाईने पिशवी पाहिली, उचलली आणि त्यांच्या हातात परत दिली. मवाळ बाई ती. पण त्या दिवशी तिचा आवाज चिरकला.

"तुमचे पैसे नोको भाऊ. माझ्या आदमीच्या मेहनतीचा पैसा होता. थो कुठी गेला, तेवढं सांगा. हवेत तर नाई ना उडला? कोनाच्या तरी घरी गेलाच असन. कोनाच्या गेला, सांगा मले."

"सांगतो," दुर्गेभाऊ म्हणाले.

एवढं एकच वचन त्या माणसाने आयुष्यात कोणाला दिलं असेल.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं त्यांनी त्या एका प्रश्नावर काढली. टोळीतल्या लोकांनी त्यांचं नाव 'विदेशी' पाडलं. "काय विदेशी, आज चहा इथलाच पेनार का?" सुरुवातीला ते हसत. मग हळूहळू कॅन्टीन सोडलं आणि मेसचा डबा घेऊन राखेच्या पाइपलाइनकडे एकटेच जाऊन बसू लागले. कोणी मुद्दाम वाळीत टाकलं नव्हतं. पण पैसे बुडालेला माणूस समोर असला की मोकळेपणाने बोलता येत नाही, आणि बुडवायला कारण झालेला माणूस असला तर मुळीच नाही. मीसुद्धा चार-दोनदा त्यांना येताना पाहून आत कपाटाकडे गेले आहे. त्याची मला आज लाज वाटते.

एक गोष्ट मात्र मी केली. त्यांची इंग्रजी पत्रं मी टाइप करून दिली. शेअर बाजाराला, कंपनीला, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला. दुर्गेभाऊ खिडकीशी उभे राहून मराठीत सांगत, मी तोडकंमोडकं इंग्रजी करी. प्रत्येक पत्रात शेवटी एक वाक्य असायचंच: पैसा कोणाकडे गेला हे कृपया कळवावे. मी म्हणायची, असं कोणी कळवत नसतं. ते म्हणायचे, "लिवा."

आणि महिन्यातून एकदा ते चामोर्शीला जात. नसीमबाई भावाच्या घराच्या पडवीत राहत होती, तिथेच तिची मशीन. आठवडी बाजारासाठी ती परकर आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. दुर्गेभाऊ पडवीच्या कडेला बसत. चौकशी कुठवर आली ते सांगत. मग मशीनच्या लाकडावर कान ठेवत, दोन थेंब तेल घालत, एखादा स्क्रू आवळत, चहा घेत आणि परत फिरत. एकदा बाजारात भेटली तेव्हा नसीमबाईच मला हसून म्हणाली, "मशीन आजकल हर महिन्याले बिगडते. भाऊ आले का चांगली होते." ती त्यांच्या चहात साखरही कमीच घालायची, कोणी न सांगता.

दुर्गेभाऊ रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, दुर्गापुरात एक खोली घेतली. गावी का गेला नाहीत म्हटलं तर म्हणाले, गावाहून चामोर्शी आडमार्गाला पडते. नकाशा पाहिला तर गोंडपिपरीहून चामोर्शी काही लांब नाही. मी वाद घातला नाही. अधूनमधून विचारायची, "आलं का हो उत्तर?" ते म्हणायचे, "नाई आलं अजून."

मग एके दिवशी ते खिडकीशी आले. मी तेव्हाही तिथेच होते. म्हणाले, "उत्तर आलं हाये. उद्या चामोर्शीले जाऊन सांगून टाकतो. तुमी येता का संगं? इंग्रजी हाये, इकबालभाईनं काही विचारलं तं..." इकबालभाई म्हणजे नसीमबाईचा भाऊ, सायकलचं दुकान चालवणारा सज्जन माणूस. बोलता बोलता कळलं की तो मागच्या आठवड्यात दुर्गापूरला येऊन गेला होता. फार अदबीने बोलला. एवढंच म्हणाला, की भाऊ, तुमच्या कामाले अजून किती दिवस लागतील? मोहल्ल्यात लोक विचारतात. एवढ्यावरून मला सगळं समजलं. सोबत एक बाईमाणूस हवं होतं, इंग्रजी हे निमित्त.

दुसऱ्या दिवशी निघालो. मूल गावावरून गाडी जात होती. दुर्गेभाऊंनी त्या सरकारी कार्यालयाचं पाकीट माझ्या हातात दिलं. मी सवयीने आधी शिक्का पाहिला. टपाल खात्यात नसले तरी स्टोअरमध्ये सगळा जन्म तारखा पाहण्यात गेला आहे. पाकीट आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात येऊन पडलेलं होतं. आतले कागद घड्यांवर विरले होते आणि इंग्रजी ओळींच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले होते, पानापानावर. शब्दकोश घेऊन त्यांनी ते सगळं स्वतः वाचून काढलं होतं. सबंध वर्षभर मला "नाई आलं" म्हणाले होते, आणि तिलाही. बेअरिंगच्या पोटातलं दुखणं लपवू न देणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतून वैनगंगेचं पात्र पाहत होते. मी कागद चाळत राहिले.

"समजलं का तुमाले?" त्यांनी विचारलं. मला नीटसं समजलं नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं.

"बॉयलरचा पंप चालू असते. गेजवर प्रेशर दिसते. पन समोरचा वॉल्व बंद असला तं पानी बायपासनं परत त्याच टाकीत येते. घुमते निस्तं. नवा ऑपरेटर गेज पाहून मनते, पानी चाल्लं. मी त्यासाठी पोराइले शिव्या देल्या हायेत बाई." त्यांनी माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "थे विदेशी लोक दहा-वीस नोते, एकच होता. एका बेटावरची कंपनी. त्यानं शेअर घ्याले बँकेचं कर्ज काढलं. कर्जाले गहाण काय ठेवलं? ह्याच कंपनीचा पैसा, जो त्यानं देला असं आपन समजलो थोच. पैसा आलाच नाई. घुमून तिथंच. त्याले शेअर फुकट भेटले, थे त्यानं इथी आनून इकले. घेनारे आपन." मग म्हणाले, "मी गेज पाह्यलं. पानी नाई पाह्यलं."

कागदात शेवटी दंड लिहिला होता, बंदी लिहिली होती. आमच्यासारख्यांना काही परत मिळेल, असं कुठेच नव्हतं.

पडवीत नसीमबाई मशीनवर होती. इकबालभाईंनी आमच्यासाठी खुर्च्या टाकल्या आणि स्वतः चौकटीत उभे राहिले. दुर्गेभाऊंनी खुर्ची घेतली नाही, नेहमीच्या जागी कडेला बसले. साध्या शब्दांत तिला सांगितलं. विदेशातून पैसा आलाच नव्हता. एकाने फुकटात शेअर मिळवले आणि आपल्याला विकले. तुमचा पैसा त्याच्या घरी गेला. नसीमबाई मान खाली घालून ऐकत होती. तिचा एक हात मशीनच्या चाकावर होता. सगळं सांगून झालं, दुर्गेभाऊ म्हणाले, "तुमी विचारलं होतं, मून."

इकबालभाईंनी मोठा श्वास सोडला. "चला, बरं झालं. निदान समजलं तं."

तेवढ्यात नसीमबाईने मान वर केली. घाईने म्हणाली, "मंग थो बेटावरचा आदमी कोन होता भाऊ? त्याचं नाव काय?"

मला तिचा चेहरा अजून दिसतो. नाव घेऊन ती काय करणार होती? नावाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती दुर्गेभाऊंकडे पाहत होती आणि दुर्गेभाऊ तिच्याकडे. "थे शोधा लागन," एवढे तीन शब्द म्हणायचा अवकाश, पुढची पाच वर्षं निघाली असती.

"आपा," इकबालभाई हळूच म्हणाले, "झालं ना आता."

दुर्गेभाऊंनी कागदांची घडी घातली. "थे कागदात नाई," ते म्हणाले. "थे कोनालेच नाई मालूम."

"अच्छा," नसीमबाई म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. चहा इकबालभाईंच्या मुलीने आणला. निघताना दुर्गेभाऊंनी मशीनकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

बसस्टँडवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चंद्रपूरची गाडी लागली. गर्दी होती. दुर्गेभाऊ माझ्याआधी चढले, रुमाल टाकून जागा धरली, मला बसवलं आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तुमच्याजवळ राहू द्या. माह्या कामाचं नाई आता." मग खाली उतरले.

"चला ना भाऊ, जागा आहे," मी म्हटलं.

"तुमी व्हा समोर. मी मागच्या गाडीनं येतो."

गाडी वळली तेव्हा ते मला मागच्या काचेतून दिसले. स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुण्याच्या घरी बसावं तसे बसले होते. तोंड रस्त्याकडे नव्हतं, बाजाराच्या बाजूला, आम्ही आलो होतो तिकडे होतं. मी कंडक्टरला विचारलं, मागची गाडी कितीला आहे?

"मागं कुठची गाडी बाई," तो तिकीट फाडत म्हणाला. "चंद्रपूरले ही आखरीच हाये."